उंची आणि उणीदुणी

माझं आणि माझ्या मेहुण्याचं भांडण १९९८ सालापासून चालू आहे. माझ्याच लग्नात, दुसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला. मी म्हणालो, तुमच्याकडून कमी केला होता. तो म्हणाला, तुमच्याकडचे जास्त प्यायले. दोन्ही विधानांना पुरावा नव्हता, म्हणून ती टिकली. पुढे विषयांची भर पडत गेली. फास्ट लोकल की स्लो, मुदत ठेव की म्युच्युअल फंड, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायला हवं होतं की नको. पण सगळ्याच्या तळाशी मठ्ठा आहे, हे दोघांनाही माहीत आहे.

अशा माणसाबरोबर मी २०१९ च्या जुलैत मोटरसायकलवरून मनाली ते लेह गेलो. एका तंबूत झोपलो. हे कसं जमलं, याचं श्रेय मी हवेच्या दाबाला देतो.

पन्नाशी उलटली की मराठी माणूस एकतर मधुमेहाला लागतो नाहीतर लडाखला. मला पहिलं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसरं मेहुण्यानं. प्रवासात तिसरा माझा भाचा. सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर, म्हणजे मेकॅनिक म्हणून घेतलेला आणि पंच म्हणून वापरलेला. मेहुण्यानं खास या प्रवासासाठी बुलेट घेतली. लडाखला बुलेटच लागते, असं एक शास्त्र आहे. ते कुठल्या ग्रंथात आहे हे कोणी सांगत नाही, पण बुलेट नसलेल्याला वाटेत प्रत्येक चहावाला "यावर आलात?" असं विचारतो, ते त्या शास्त्राच्या आधारे. मी माझी बारा वर्षांची दीडशे सीसी नेली. तिनं तोवर डोंबिवली स्टेशन, भाजी मार्केट आणि एकदा कसारा घाट एवढाच हिमालय पाहिला होता. गाड्या रेल्वेनं चंदीगडला पाठवल्या. पार्सल हपिसात टाकीतलं सगळं पेट्रोल काढून घेतात आणि गाडीला गोणपाटात शिवतात. माझी गाडी त्या गोणपाटात कांद्यासारखी दिसत होती. मेहुण्याची बुलेट बटाट्यासारखी दिसत होती. हे मी बोलून दाखवलं.

मनालीच्या बाजारात हातमोजे घेताना भाच्यानं एक माहिती दिली आणि आमचा निम्मा माज तिथंच उतरला. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आम्ही ज्या दुकानात घासाघीस करत उभे होतो तो बाजार २,०५० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या देवळावर आणखी चारशे मीटरचा जिना बांधला की तिथं हातमोजे मिळतात. आणि इथून पुढे चढ सुरू होणार होता.

मनालीत पहिलं मोठं भांडण झालं ते पेट्रोलच्या कॅनवरून. टांडी नावाच्या गावात एक पंप आहे आणि तिथल्या फलकावर तेव्हा लिहिलेलं असायचं की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मेहुण्याचं म्हणणं, गाडीमागे पाच लिटरचा कॅन हवाच. मी तेरा लिटरची टाकी गुणिले पन्नासचा ॲव्हरेज असा हिशेब मांडून उत्तर साडेसहाशे काढलं. ६,७०० फुटांवर मेहुणा जे बोलला ते इथं पूर्ण देतो, कारण असं सलग वाक्य पुढे फार काळ ऐकायला मिळणार नव्हतं: "भाऊजी, तुम्हाला राग येईल, पण बोलतो. सगळं काटोकाट मोजायचा तुमचा हा स्वभाव मी लग्नापासून बघतोय. चढावर ॲव्हरेज पडतं, डायव्हर्जन लागतात, माणसानं थोडं जास्तीचं धरून चालावं, तसं धरलं असतं तर त्या दिवशीसुद्धा—"

"त्या दिवशी तुमच्याकडचा आचारी होता," मी म्हणालो.

कॅन घेतले गेले. माझ्या गाडीला मी बांधू दिला नाही, म्हणून माझ्या वाट्याचाही त्यानं आपल्याच बुलेटला लटकवला.

आता नावांविषयी थोडं. तिबेटी-लडाखी बोलीत 'ला' म्हणजे खिंड. त्यामुळे 'बारालाचा ला पास' म्हणणं म्हणजे 'खिंड खिंड' म्हणणं. पण मराठी माणसाची अडचण वेगळीच आहे. आपण शाळेत 'स, ला, ते' घोकलेलं असतं. तो 'ला' जिभेच्या इतका मुळाशी असतो की टांगलांग ला ऐकलं की 'टांगलांग' हे गाव आणि 'ला' ही चतुर्थी वाटते. "कुठं चाललात?" "टांगलांगला." व्याकरण इतकं सुंदर जुळतं की खिंडच नाहीशी होते. मग 'टांगलांगलाला' म्हणावं तर तोतरं बोलल्यासारखं होतं. बारालाचा ला हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'बारा लाचा' असंच ऐकलं आणि एका खिंडीत इतक्या ठिकाणी द्यावी लागते का, म्हणून खिसा चाचपला.

मनाली ते लेह त्या वेळी पावणेपाचशे किलोमीटर पडायचं, कारण आधी रोहतांग चढावी लागे. १३,०५० फूट. रोहतांगचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशी ढीग मोटारींचा होता. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२० ला, तिच्या पोटातून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता लोक रोहतांग न बघताच पलीकडे उतरतात. आम्ही शेवटच्या कष्टकरी तुकडीतले, असं मी त्या लोकांना सांगत असतो. ते ऐकून घेतात.

रोहतांगच्या माथ्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की काहीतरी घडतंय. मेहुण्यानं हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघितलं, बोट वर केलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुमचा स्वभाव..." मग श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. "जाऊ दे."

एकवीस वर्षांत हा माणूस 'जाऊ दे' म्हणाला नव्हता.

खाली टांडीला चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम आहे. पंढरपूरच्या नदीशी नावापलीकडे या चंद्रभागेचं काही नातं नाही. पण आषाढ होता, पाटीवर चंद्रभागा हे नाव होतं, आणि आमच्या तिघांचे हात आपोआप जोडले गेले. पंपावरच्या पोऱ्याला वाटलं आम्ही पेट्रोलला नमस्कार करतोय. त्यातही फार चूक नव्हती. या दोघी नद्या बारालाचाच्याच दोन अंगांनी निघतात, एकमेकींचं तोंड न बघता लांबलांबून वळसे घेतात आणि इथं येऊन भेटतात. आमच्या नात्यात अशा दोन चुलत बहिणी आहेत. त्या फक्त लग्नकार्यात भेटतात.

पहिला मुक्काम जिस्पाला. दुसऱ्या दिवशी ओढे. रस्त्यावरून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्याला तिथं नाला म्हणतात, आणि त्याचा नियम साधा आहे: सकाळी पाणी कमी, दुपारी ऊन लागून बर्फ वितळलं की जास्त. म्हणून पहाटे निघायचं. आम्ही साडेनऊला निघालो, कारण मी पराठ्याची वाट बघत होतो. झिंगझिंगबारच्या आसपास (हे ठिकाणाचं नाव आहे, मी वाजवत नाहीये) पाणी घोट्याच्या वर होतं आणि तळाशी गोटे. मी पायमोज्यांवर डोंबिवलीच्या किराणावाल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. भाचा पलीकडून ओरडत होता, "मामा, पहिला गिअर! थांबायचं नाही! पाण्याकडे बघायचं नाही!" मी पाण्याकडे बघितलं. बघितलं म्हणून थांबलो. थांबलो म्हणून पाय टेकला. आणि पिशवीचा खरा गुण कळला: ती पाणी आत येऊ देते, बाहेर मात्र जाऊ देत नाही. बर्फाचं पाणी पहिल्यांदा गार लागत नाही, चावतं. गाडी डावीकडे कलायला लागली तेव्हा कोणीतरी मागून सीट धरली. वळून बघतो तर मेहुणा, गुडघ्यापर्यंत पाण्यात, चेहरा जांभळा. हीच ती वेळ होती. पराठा, पहाट, माझा स्वभाव, सगळा दारूगोळा त्याच्या हातात होता. तो एवढंच म्हणाला, "रेटा." रस्त्याच्या कामावरची दोन पोरं धावत आली, झारखंडची होती, आणि त्यांनी गाडी माझ्यासकट पलीकडे ठेवली.

पुढे बारालाचाच्या चढावर माझ्या दीडशे सीसीनं मान टाकली. भाच्यानं कारण सांगितलं. हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र सवयीनं पेट्रोल तेवढंच सोडतो. मग ते धड जळत नाही, धूर काळा येतो आणि ताकद जाते. "थोडक्यात, मामा, जेवण तेवढंच आणि पचन निम्मं." हे मला गाडीपेक्षा स्वतःविषयीच जास्त पटलं. बुलेट इंजेक्शनवाली होती, ती हवा ओळखून बेतानं घेत होती. भाच्यानं स्क्रू ड्रायव्हरनं काहीतरी पाव आटा फिरवलं आणि मी पहिल्या गिअरमध्ये, ताशी बारा किलोमीटरनं, १६,००० फुटांवर पोचलो. शेवटच्या वळणांवर एक काळा कुत्रा माझ्याबरोबर चालत होता. नंतर तो पुढे गेला.

माथ्यावर आम्ही तिघं गाड्या लावून नुसतेच उभे होतो, आणि माझ्या पाठीमागे फाट्दिशी आवाज झाला. मेहुणा खाली बसला. भाचा माझ्या टायरकडे धावला. मी जागचा हललोच नाही, हलायला श्वास नव्हता. टायर शाबूत होते. फुटली होती ती बाकरवडी. बाहेरचा दाब कमी झाला की बंद पाकिटातली हवा फुगते. मनालीत चपटं असलेलं ते पाकीट दोन दिवस उशीसारखं टरारत होतं, आणि माझ्या सॅकमध्ये, माझ्या तीन गंज्यांच्या मध्ये, त्यानं प्राण सोडला. त्यानंतर लेहपर्यंत मी जी गंजी घातली तिला बडीशेप आणि खसखस होती. आम्ही ती बाकरवडी तिथंच, सॅकमध्ये हात घालून खाल्ली. मेहुण्यानं तोंड उघडलं. मी तयार होतो, कारण डबा घ्या असं तो घरी म्हणाला होता. "भाऊजी," तो म्हणाला. मग बराच वेळ वारा ऐकू आला. "छान आहे."

मी हिशेब मांडायला लागलो. मनालीत त्याचं वाक्य तीस-पस्तीस शब्दांचं होतं. रोहतांगला पाच. बारालाचाला तीन, आणि तेही कौतुकाचे. माणसाचा अहंकार उंचीवर गळून पडतो वगैरे म्हणतात, त्यात तथ्य नाही. अहंकार शाबूत असतो. त्याला बोलायला जी हवा लागते ती नसते. कौतुक कमी श्वासात होतं, एवढाच फरक. भांडणाला आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, दाखले द्यावे लागतात, मठ्ठ्यापर्यंत मागे जावं लागतं. १६,००० फुटांवर १९९८ पर्यंत मागे जाणं शक्य नसतं.

रात्र सरचूला, १४,००० फुटांवर, तंबूत. तिथं पाणी ८६ अंशांना उकळतं. उकळतं म्हणजे बुडबुडे येतात, आवाज होतो, वाफ निघते, फक्त भात शिजत नाही. आमच्या ऑफिसात एक साहेब असे होते. म्हणून त्या रस्त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ मॅगी खातात. तंबूवाल्यानं कुकर लावून भात दिला, तो मात्र उत्तम होता, पण तोवर आमची डोकी इतकी ठणकत होती की जेवणाचा वासही नको झाला होता.

वासाचं सांगायचं तर, दोन्ही कॅन चोरीला जातील म्हणून मेहुण्यानं तंबूत आणून ठेवले होते. दाब कमी झाल्यामुळे तेही फुगून गोल झाले होते आणि झाकणाशी पाझरत होते. त्यात बायकोनं दिलेली भीमसेनी कापराची पुरचुंडी. श्वास लागला की हुंगायची, असं तिनं बजावलेलं. म्हणजे एका तंबूत दहा लिटर पेट्रोल, पावशेर कापूर आणि दोन माणसं. आरतीची सगळी तयारी झाली होती, काडी तेवढी ओढायची बाकी होती. भाच्यानं दार उघडून नाक आत घातलं, काही न बोलता दोन्ही कॅन उचलून बाहेर गाडीखाली नेऊन ठेवले आणि स्वतः दुसऱ्या तंबूत झोपायला गेला.

आता घोरण्याविषयी. मेहुण्याचं घोरणं आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. लग्नाकार्याला वऱ्हाडाच्या खोल्या वाटताना त्याच्या खोलीत कोण, यावर चिठ्ठ्या टाकतात. मी एकवीस वर्षं त्या घोरण्याविरुद्ध बोलत आलो. सरचूला तो झोपला आणि घोरू लागला. मीही डोळे मिटले. आणि घोरणं थांबलं. एकदम. नळ बंद केल्यासारखं. मी सवयीनं मनात 'सुटलो' म्हणालो आणि मग लक्षात आलं की घोरणं नाही, श्वासच थांबलाय. मी मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा. बाहेर वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत होतं. बारा, तेरा. मी कोपरावर उठलो. आणि मेहुण्यानं विहिरीतून पोहरा ओढावा तसा एक मोठा श्वास ओढला आणि गाडी पुन्हा सुरू.

अशा उंचीवर झोपेत श्वास असा थांबून थांबून चालतो, पुष्कळांचा चालतो, हे मला भाच्यानं सकाळी सांगितलं. रात्री सांगितलं असतं तर उपकार झाले असते. मी रात्रभर टॉर्च घेऊन बसलो. ज्या आवाजासाठी या माणसाला आजवर शिव्या घातल्या तो आवाज बंद पडला की माझा जीव खाली-वर व्हायचा, आणि सुरू झाला की 'आला, आला' असं मी तोंडानं म्हणायचो. सोळा ही सगळ्यात मोठी संख्या. पहाटे तो जागा झाला, मला बसलेलं बघून म्हणाला, "झोप नाही?" मी म्हटलं, "तुझ्या घोरण्यानं." यात खोटं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गाटा लूप्स. एका डोंगरावर एकवीस वळणं एकाखाली एक रचलेली. माझ्या लग्नालाही एकवीसच वर्षं झाली होती, त्यामुळे प्रत्येक वळण कुठल्या सालाचं ते मला ओळखू येत होतं. दहावं जरा अवघड गेलं. इथं एका क्लिनरचं भूत आहे असं सांगतात. बर्फात बंद पडलेल्या ट्रकपाशी तो आजारी पोरगा एकटाच राहिला, पाणी पाणी करत गेला, आणि तेव्हापासून लोक तिथं पाण्याच्या बाटल्या ठेवतात. बाटल्यांचा ढीग आहे. मेहुणा घरी कट्टर बुद्धिवादी आहे, सत्यनारायणाचा प्रसादही 'शिरा' म्हणून खातो. त्यानं आपली अर्धी प्यालेली बाटली तिथं ठेवली, चार पावलं आला, थांबला, परत गेला, आणि ती उचलून न उघडलेली ठेवली. मी काही बोललो नाही. मलाही श्वास नव्हता, हे एक. आणि उष्टं पाणी ठेवलं असतं तर मीच त्याला परत पाठवणार होतो.

त्यापुढे नकी ला, लाचुलुंग ला, मग पांग, मग चाळीसेक किलोमीटरचं सपाट पठार, १५,००० फुटांवर. नाव मोरे प्लेन्स. आता या नावाला मराठी माणूस काय म्हणणार? जावळीहून सटकलेला कुणी मोरे थेट इथं येऊन जमीन मोजून बसला असावा, असं मी म्हणालो. चाळीस किलोमीटर सलग सातबारा. भाचा हसला. मेहुणा हसायला लागला आणि मध्येच थांबून त्यानं छातीवर हात ठेवला. हसणंही भांडणाइतकंच महाग असतं तिथं.

रस्त्याकडेला सीमा सडक संघटनेच्या हिमांक प्रकल्पाचे फलक लागतात. इंग्रजीत यमकं जुळवून वेग कमी करायला सांगतात. लामांच्या मुलखात गामा बनू नका, अशा अर्थाचा एक फार प्रसिद्ध आहे. आपल्याकडची पाटी वाचणाऱ्याचा अपमान करते, ही त्याला डोळा मारते. कोणत्या पाटीनं माणूस जास्त सुधारतो, यावर एरवी आमचा कल्याणपर्यंतचा प्रवास निघाला असता.

टांगलांग ला, १७,४८० फूट. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर. इथं मेहुणा एकही शब्द बोलला नाही. त्यानं माझा खांदा दोनदा थोपटला. फोटोत आम्ही सख्ख्या भावांसारखे दिसतो. बायकोनं तो फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हे दोघं कोण?"

मग उतार. रुमत्से हे पहिलं गाव लागलं, हिरवं जवाचं शेत दिसलं, आणि उपशीला सिंधू नदी. चहा घेतला. मेहुण्यानं दोन घोट घेतले, खोल श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येताना दिसला. "भाऊजी," तो म्हणाला, "कॅन होते म्हणून निभावलं. तुमचं साडेसहाशेचं गणित त्या ओढ्यातच वाहून गेलं असतं, आणि साडेनऊला निघण्याबद्दल तर मी मुद्दाम त्या वेळी बोललो नाही—"

दोन्ही कॅन झाकणापर्यंत भरलेले होते. एक थेंब वापरला नव्हता, पाझरला तेवढाच. पण मी इतका सुखावलो होतो की ते दाखवायचं विसरलो.

लेहमध्ये दोन दिवस पडून राहिलो. आमची प्रीपेड सिमं तिथं चालत नव्हती, त्यामुळे त्याला सेन्सेक्स कळत नव्हता आणि सगळं लक्ष माझ्यावर होतं. (आम्ही परतलो आणि ३१ ऑक्टोबरला लडाख केंद्रशासित झाला. दोन्हींचा संबंध नाही, हे मी त्याला अजून पटवू शकलेलो नाही.) तिसऱ्या दिवशी खारदुंग ला. लेहपासून चाळीस किलोमीटर, सगळा चढ. वर फलकाशी फोटोसाठी रांग, रेशनच्या दुकानासारखी. या खिंडीची उंची कित्येक वर्षं १८,३८० फूट म्हणून जगभर मिरवली गेली. मोजणाऱ्यांनी ती १७,५८२ भरवली. म्हणजे आठशे फूट कुठे गेले, हा प्रश्न उरतोच. मी रांगेत मेहुण्याला म्हणालो, "बघ, सरकारी फलक आहे म्हणून खरं मानायचं नसतं. मठ्ठासुद्धा वहीत शंभर लिटर लिहिला होता."

तो वळला. बोट वर गेलं. डोळ्यांत तेच जुनं तेज.

"हे बघा भाऊजी—"

आणि हवा संपली. तो उभा राहिला, बोट तसंच, तोंड उघडं, खांदे वरखाली. मागचा सरदारजी म्हणाला, भाईसाब, आगे बढो. आम्ही पुढे झालो. फोटो काढला. वर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, असं सांगतात, ते पाळलं. गाड्या काढल्या, बर्फाच्या भिंती संपल्या, साउथ पुल्लूचं चेकपोस्ट गेलं, वळणावळणानं खाली उतरलो. खाली लेहची हिरवी पॉप्लरची झाडं दिसू लागली. पहिल्या जर्दाळूच्या गाडीपाशी मेहुण्यानं हात करून मला थांबवलं, बुलेट स्टँडवर लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि बोट वर केलं.

"—शंभर लिटरच होता. तुमचे काका पिंपाशेजारी बसले होते."